चुलीतली कॉईल, न्हाणीतली टाकी आणि पाण्याची वाट

आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपासून होळीपर्यंत पहाटे पाचला चूल पेटते. गॅस आहे, पण सिलिंडर चहा-दुधाला आणि पाहुणे आले की काढायचा. भाकरी, वरण आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. परसात पऱ्हाटीचा ढीग असतो, तुराट्या असतात, बांधावरच्या बाभळीची चार ढलपं असतात. जळण असं घरचं असलं की पाणी तापवण्यासाठी कोणी गॅस जाळत नाही, आणि सकाळच्या लाइटच्या भरवशावर रॉडही लावून ठेवत नाही.

त्रास जळणाचा नव्हता, वाहून नेण्याचा होता. आई अडुसष्ट वर्षांची. चुलीवरून उकळतं गुंड उतरवायचं, फडक्यानं दोन्ही बाजूंनी धरायचं, उंबरा ओलांडायचा, दोन पायऱ्या उतरून न्हाणीत न्यायचं. पाच माणसांच्या आंघोळीला अशा सहा-सात खेपा. एका जानेवारीत उंबऱ्यावर तिचा पाय अडला आणि पाणी पायावर सांडलं. फोड आले, महिनाभर तिला चप्पल घालता आली नाही. त्या महिन्यात मी चुलीत कॉईल, म्हणजे पाणी खेळवणारी वेढ्यांची नळी, बसवायचं ठरवलं. पुढच्या दोन हिवाळ्यांत काय जमलं, काय चुकलं आणि का चुकलं ते इथे लिहितो आहे. हे काम गावातला वेल्डर करू शकतो, पण त्यामागचं तत्त्व घरातल्या कोणाला तरी कळलेलं असावं. ते न कळता बसवलेली कॉईल जिवावर बेतू शकते.

तत्त्व तसं ओळखीचंच आहे. तुरीचं वरण शिजताना पातेल्यात पाहा. डाळ मधून वर येते, कडेकडेनं खाली जाते, पुन्हा मधून वर येते. कोणी ढवळत नसतं. तळाशी तापलेलं पाणी फुगतं, हलकं होतं आणि वर जातं. वरचं थंड, जड पाणी त्याच्या जागी खाली येतं. आता हेच पातेलं मनातल्या मनात ओढून लांब करा. तळ म्हणजे चुलीतली वेढ्यांची नळी, वरचा भाग म्हणजे न्हाणीतली टाकी, आणि दोघांना जोडणारे दोन पाइप. एका पाइपातून तापलेलं पाणी वर चढतं, दुसऱ्यातून टाकीच्या तळाचं थंड पाणी खाली कॉईलमध्ये उतरतं. मोटर नाही, पंप नाही. चूल पेटली की पाणी फिरायला लागतं, विझली की थांबतं. शहरात स्लॅबवर सोलर हीटर दिसतात, त्यांतलेही बरेचसे असेच चालतात. तिथे खालच्या नळ्यांना ऊन तापवतं, इथे चुलीचा जाळ.

आजीच्या काळात हे काम बंब करायचा. तांब्याचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना आठवेल, मधून धुराडं जायचं आणि त्याच्याभोवती पाणी असायचं. बंबात आग पाण्याच्या पोटात, कॉईलमध्ये पाणी आगीच्या पोटात. फरक इतकाच की बंबाला वेगळं जळण घालावं लागतं. कॉईल भाकरीसाठी पेटलेल्या जाळावरच आपला वाटा घेते.

हे पाणी किती जोरानं फिरतं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या सगळ्या चुका तिथूनच होतात. २० अंशांचं एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम भरतं. ६० अंशांचं एक लिटर ९८३ ग्रॅम. फरक १५ ग्रॅमचा. तराजूच्या एका पारड्यात थंड पाण्याचा खांब आणि दुसऱ्यात गरम पाण्याचा खांब ठेवला, तर थंड पाण्याचं पारडं फक्त या १५ ग्रॅमांनी झुकतं. टाकी कॉईलपेक्षा एक मीटर उंच असेल तर मिळणारा सगळा रेटा दीड सेंटीमीटर पाण्याइतका. विहिरीवरच्या मोटरशी याची तुलनाच नको. इतक्या नाजूक रेट्यावर पाणी फिरवायचं तर त्याची वाट मोकळी ठेवावी लागते. पाइप रुंद हवा, वळणं कमी आणि सैल हवीत, आणि टाकी कॉईलच्या वरच हवी. खाली असेल तर काहीच होणार नाही, बरोबरीला असेल तरी नाही. आमच्या टाकीचा तळ कॉईलच्या वरच्या वेढ्यापेक्षा अडीच फूट उंच आहे. पाइप एक इंची आहेत. पहिल्यांदा मी अर्धा इंची आणले होते. दुकानदारानं विचारलं, "एवढ्याशा कामाले एक इंची कायले पायजे?" मलाही ते पटलं होतं. तापलेलं पाणी त्यातून मुंगीच्या पायानं वर जायचं आणि कॉईल रोज उकळायची.

पहिल्या हिवाळ्यातली दुसरी चूक चौकटीची. स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्यामध्ये दार आहे. भिंत फोडायला नको म्हणून वेल्डरनं गरम पाण्याचा पाइप चौकटीच्या वरून नेला आणि पलीकडे थोडा खाली उतरवून टाकीला जोडला. दिसायला साफ काम होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे आई अंगणात येऊन हाका मारायला लागली, "अरे उठ बापा, चुलीत कोन बसलं पाह्य! आतून ठोकून रायलं!" आत गेलो तर खरंच कोणी हातोडी मारत असल्यासारखे ठोके पडत होते. पाइपाला हात लावला. चुलीजवळ चटका बसत होता, चौकटीच्या पलीकडे पाइप गार.

झालं होतं असं. साध्या पाण्यात हवा विरघळलेली असते. पातेलं तापायला लागलं की उकळण्याच्या बऱ्याच आधी तळाला बारीक बुडबुडे दिसतात, ती हीच हवा. कॉईलमधली हवा पाइपातून वर चढली आणि चौकटीच्या वरच्या उंचवट्यात अडकली. पुढे पाइप खाली उतरत होता, त्यामुळे तिला निघायला जागा नव्हती. जरा जरा करत तिथे हवेची गाठ झाली आणि दीड सेंटीमीटरचा तो बिचारा रेटा तिला ढकलू शकेना. पाणी थांबलं. थांबलेलं पाणी कॉईलमध्ये उकळलं, वाफेचे गोळे तयार झाले, आणि ते पाइपातल्या थंड पाण्याला लागताच एकदम मिटायला लागले. त्या मिटण्याचाच ठोका ऐकू येत होता.

उपाय एकच होता, भिंत फोडायची. चुलीमागच्या भिंतीतूनच पाइप आरपार नेला आणि तो कॉईलपासून टाकीपर्यंत सतत चढता ठेवला. कुठेही आडवा नाही, कुठेही उतार नाही. थंड पाण्याचा परतीचा पाइपही तसाच, टाकीच्या तळापासून कॉईलपर्यंत सतत उतरता. तेव्हापासून ठोके नाहीत. आता कोणी विचारलं तर मी आधी पाइपाचा चढ पाहायला सांगतो. गवंड्याची लेव्हलची बाटली घ्या, पाइपावर ठेवा, बुडबुडा टाकीच्या बाजूला सरकला पाहिजे.

दोन टाक्या कशाला?

आमच्या न्हाणीत गरम टाकीच्या वर थंड पाण्याची आणखी एक छोटी टाकी आहे, म्हणून हा प्रश्न सगळे विचारतात. एकच ड्रम ठेवावा, वरून बादलीनं पाणी ओतावं, खाली तोटी लावावी, झालं. बंबाला तोटी खालीच असायची ना?

कॉईलला ते चालत नाही. गरम पाण्याचा पाइप टाकीत वरच्या भागात शिरतो. तोटी खाली असली की पाणी काढता काढता पातळी या पाइपाच्या तोंडाखाली जाते. त्या क्षणी चक्र तुटतं, कारण वर चढलेल्या पाण्याला पाण्यात मिसळायला जागाच उरत नाही. चूल मात्र पेटलेली असते. कॉईलमधलं पाणी उकळून वाफ होतं, आणि टाकी आणखी रिकामी झाली तर कॉईल कोरडी पडते. कोरडी तांब्याची नळी जाळात लाल होते. त्यात कोणी घाईनं वरून बादली ओतली तर? एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १६७० लिटर वाफ होते. लाल नळीत शिरलेलं थोडंसं पाणीही पापणी लवते तोवर फुगून बाहेर उसळतं, आणि चुलीसमोर भाकरी थापणारं माणूस बसलेलं असतं. म्हणून कॉईल कधीही कोरडी पडता कामा नये, आणि चुकून पडलीच तर जाळ बाहेर ओढायचा, चूल पूर्ण निवेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही.

दोन टाक्यांच्या मांडणीत ही काळजी मांडणीच घेते. वर थंड पाण्याची छोटी टाकी, खाली गरम पाण्याची मोठी. वरच्या टाकीतून एक स्वतंत्र पाइप गरम टाकीच्या तळाशी येतो. वापरायचं पाणी मात्र गरम टाकीच्या अगदी वरून काढायचं. न्हाणीतली तोटी उघडली की वरच्या टाकीतलं थंड पाणी तळाशी शिरतं आणि माथ्यावरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. दोन्ही पाणी सहसा मिसळत नाहीत, कारण हलकं गरम पाणी वरच राहतं आणि जड थंड पाणी तळाशी बसतं. टाकी उभी आणि अरुंद असेल तर हे थर चांगले टिकतात. आडव्या पिंपात ते लवकर मोडतात. आणि खरी गंमत अशी की वरची टाकी रिकामी झाली, नळ आला नाही, तर तोटीतून पाणी येणं आपोआप बंद होतं, पण गरम टाकी भरलेलीच राहते. तोटीची वाट माथ्यावरून असल्यामुळे टाकी तोटीतून रिकामी होऊच शकत नाही. कॉईल कायम पाण्यात. फक्त वरच्या टाकीहून निघणाऱ्या त्या पाइपावर भांडी घासायची तोटी जोडू नका. मग गरम टाकी त्या वाटेनं उलटी रिकामी होऊ शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचा पाइप. गरम टाकीच्या माथ्यावरून एक पाइप सरळ वर जातो, वरच्या टाकीच्या पाण्याच्या पातळीहून हातभर उंच जाऊन वाकतो आणि त्याचं तोंड त्या टाकीवर उघडं राहतं. याला कोणी हवेचा पाइप म्हणतं, कोणी वाफेचा. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं शंभर लिटर पाणी ८० अंशांवर १०२ लिटरांच्या पुढे, जवळजवळ १०३ होतं. हे जास्तीचे लिटर कुठे तरी जायला हवेत. तापताना सुटलेली हवा जायला हवी. आणि एखाद्या दिवशी लग्नघरासारखा जाळ झाला, पाणी उकळलंच, तर वाफही जायला हवी. हे सगळं त्या एका उघड्या तोंडातून जातं. ते उघडं आहे तोवर टाकीत उकळतं पाणी असलं तरी दाब चढत नाही, चुलीवरच्या उघड्या पातेल्यात चढत नाही तसाच. ते बंद केलं की तीच टाकी बिनशिटीचा कुकर होते.

आमच्या वेल्डरनं चांगल्या मनानं सुचवलं होतं, "भाऊ, वाफ वाया जाते, इथं एक कॉक बसवून देतो." मी नको म्हणालो आणि का नको ते त्याला पातेल्यावर ताट ठेवून, त्यावर पाटा ठेवून सांगितलं. त्या हवेच्या पाइपावर, आणि कॉईल आणि टाकीमधल्या दोन्ही पाइपांवर, कॉक, व्हॉल्व्ह, बूच काहीही नको. उंदीर जाऊ नये म्हणून तोंडाशी चिंधी कोंबणं तर अजिबात नको, जाळी बांधा. घर सोडून चार दिवस गावाला गेलात आणि कोणी लहान मुलानं कॉक फिरवून ठेवला, परत आल्यावर आईनं नेहमीसारखी चूल पेटवली, एवढं पुरेसं आहे.

वरची टाकीसुद्धा धातूचीच घ्या. प्लास्टिकची स्वस्त मिळते, थंड पाण्याचीच तर आहे असं वाटतं. पण उकळलेलं पाणी हवेच्या पाइपातून त्याच टाकीत पडतं. प्लास्टिक मऊ पडून बसलं तर सगळं उकळतं पाणी खाली येईल. म्हणून ती आंघोळीच्या दगडाच्या बरोबर वर न ठेवता बाजूच्या भिंतीवर ठेवायची. फवारणीच्या औषधाचा किंवा कोणत्याही रसायनाचा जुना ड्रम कितीही घासला तरी या कामाला वापरायचा नाही. कपाशीच्या मुलखात असे ड्रम गल्लोगल्ली पडलेले असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

थोडा हिशोब

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. साठ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायचं तर साठ गुणिले पंचेचाळीस, म्हणजे २७०० किलोकॅलरी. विजेच्या रॉडनं हेच करायला तीन युनिटच्या वर वीज लागेल. साठ अंशांच्या साठ लिटरांत थंड पाणी मिसळलं की ४० अंशांचं, अंगाला सोसणारं, शंभर लिटरांहून थोडं जास्तच पाणी होतं. पाच जणांना वीस-वीस लिटर. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तशा पहाटेसाठी थोडं जास्त धरा.

वाळलेलं जळण किलोमागे साधारण ३५०० किलोकॅलरी देतं. मातीच्या साध्या चुलीवर त्यातला दहावा हिस्साच भांड्यात जातो, बाकीचा धुरातून, भिंतीतून, जाळाच्या कडेनं निघून जातो. म्हणजे साठ लिटर पाणी नुसत्या चुलीवर तापवायला सात-आठ किलो जळण. एरवी भाकरी-वरणासाठी चूल तासाला दीड किलो जळण खाते असं धरलं, तर तासाला सव्वापाच हजार किलोकॅलरी निघतात. कॉईलनं त्यातला पाचवा हिस्सा पकडला तर साठ लिटर पाणी तासाला साडेसतरा अंशांनी चढतं. अडीच तास चूल चालली की काम झालं, वेगळ्या जळणाशिवाय. हिशोब कागदावरचा आहे. ओली पऱ्हाटी असेल तर तो कोसळतो. पण आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक आणि आदल्या संध्याकाळचा मिळून आंघोळीचं पाणी पुरतं, हे मी दोन हिवाळे पाहिलं आहे.

मग चार-पाच वेढे वाढवून सगळीच उष्णता का घेऊ नये? हा मोह मला झाला होता. कॉईलमध्ये पाणी असेपर्यंत तिचा पत्रा शंभर अंशांच्या आसपासच राहतो. जाळाच्या मानानं ती थंडगार वस्तू. जाळ तिला लागला की पुरता जळायच्या आधीच निवतो, आणि न जळलेला भाग काजळी आणि धूर होऊन बाहेर पडतो. तो धूर चुलीसमोर बसलेल्या बाईच्या छातीत जातो. शिवाय थंड नळीवर डांबरासारखा चिकट थर बसतो. म्हणून कॉईल जाळाच्या मुळाशी, लाकडं पेटतात तिथे घालायची नाही. आमच्या चुलीत ती वैलाच्या, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडाच्या, खड्ड्यात आतल्या गोल भिंतीला लागून आहे. जाळ पुढे पुरता फुलतो, तव्याला आपलं देतो, आणि वैलाकडे वळताना कॉईलला भेटतो. पाऊण इंची तांब्याच्या नळीचे तीन वेढे, एकूण अडीच मीटर. भाकरी आधीसारखीच फुगते. आईनं पहिल्या दिवशी तेवढंच तपासलं होतं.

वेढे घालण्याची रीत सांगतो, कारण बरेच जण इथेच नळी चिमटवतात. नळी आधी जाळावर लाल करून निवू द्यायची, मग तांबं मऊ पडतं. नंतर तव्यावर भाजून अगदी कोरडी केलेली बारीक रेती तिच्यात ठासून भरायची आणि दोन्ही तोंडं लाकडी खुंटीनं बंद करायची. रेतीत ओल राहिली आणि पुन्हा नळी तापवली तर आतली वाफ खुंटी उडवते, म्हणून रेती भाजायलाच हवी. मग जाड गोल लाकडाभोवती सावकाश वाकवायची. रेती आत असल्यामुळे नळी चपटी होत नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर चढता हवा, खाली परतणारा नको. शेवटी रेती पूर्ण झटकून, पाणी मारून नळी धुवायची. जाळाच्या आत एकही जोड ठेवायचा नाही. मऊ झाळेचे जोड दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळतात. जोड चुलीच्या भिंतीबाहेर, आणि तेही पितळी वेल्डिंगचे. चुलीपासून टाकीपर्यंत पाइप धातूचेच हवेत, प्लास्टिकचे नकोत.

खारं पाणी

आता विदर्भातल्या बऱ्याच घरांचा खरा प्रश्न. माझी मावशी दर्यापूर तालुक्यात राहते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून पसरलेला. तिथल्या भूजलात क्षार इतके की पिकालाही ते पाणी सोसत नाही. आमची कॉईल पाहून तिच्याकडेही बसवली. दुसऱ्या हिवाळ्यात पाणी तापेना. नळी काढून कापली, तर आत पांढरा दगडी थर, मधून फक्त पेन्सिल जाईल एवढं भोक.

क्षार जास्त असलेल्या पाण्यात विरघळलेला चुना गरम केल्यावर न विरघळणारा होतो आणि जिथे पाणी सगळ्यात जास्त तापतं तिथेच बसतो. तापलेलं ठिकाण म्हणजे कॉईल. थर बसला की उष्णता आत जात नाही आणि वाट अरुंद होते, मग पाणी आणखी हळू फिरतं, आणखी तापतं आणि आणखी थर बसतो. पातळ थर असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गार कॉईलमध्ये कोमट पाण्यातून भरून ठेवायचं, फेस येणं थांबलं की ओतून धुवायचं. मावशीच्या नळीचा उपाय त्यानं होणार नव्हता.

तिच्याकडे आता मांडणी वेगळी आहे. चुलीतली कॉईल न्हाणीच्या टाकीला जोडलेलीच नाही. टाकीच्या पोटात तांब्याची दुसरी कॉईल बसवली आहे, आणि चुलीतली कॉईल आणि ही कॉईल यांच्यात ठरावीक पाणी फिरत राहतं, तेच तेच. त्यात साठवून ठेवलेलं पावसाचं पाणी भरलं आहे. त्याच्या माथ्यावरही एक छोटं उघडं भांडं आहे, फुगायला आणि वाफेला. आंघोळीचं खारं पाणी टाकीत या दुसऱ्या कॉईलच्या बाहेरून तापतं. थर बसतोच, पण बाहेरून आणि सावकाश, आणि टाकीचं झाकण काढून तो खरवडता येतो. उष्णता थोडी कमी पोचते. खारपाणपट्ट्यात मात्र मी हीच मांडणी सांगेन, दुसरी नाही. पत्र्याच्या टाक्यांनाही खारं पाणी लवकर खातं, आणि जस्ताचा मुलामा दिलेली टाकी तांब्याच्या कॉईलला जोडली तर जस्ताची झीज आणखी वेगानं होते. अशा टाकीतलं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला वापरायचं नाही, पाणी गोडं असलं तरीही.

ऊब टिकवणं

रात्री तापलेलं पाणी पहाटेपर्यंत गरम राहावं यासाठी टाकीला पांघरूण लागतं. आपल्याकडे कापूस आहे, पण चुलीच्या भिंतीला लागून कापूस नको, ठिणगीनं पेटतो. भंडारा-गोंदियाकडच्या एका नातेवाइकानं धानाच्या तुसाची दोन पोती आणून दिली. टाकीभोवती फळ्यांची पेटी केली, चारही बाजूंनी वीतभर अंतर ठेवलं आणि त्यात तूस ठासून भरलं. तूस सहजासहजी पेट घेत नाही आणि त्यात अडकलेली हवा ऊब धरते. ते ओलं होऊ द्यायचं नाही, ओलं तूस काही कामाचं नाही. रात्री नऊला तोटीतून चटका देणारं पाणी पहाटेही थंड न मिसळता अंगावर घेता येणार नाही इतकं गरम असतं.

त्या चटक्याबद्दल गंभीरपणे सांगतो. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत भाजतं, लेकराची त्याहून लवकर. आमच्या न्हाणीत नियम आहे, बादलीत आधी थंड, मग गरम. तोटी मुलांच्या हाताला येणार नाही एवढी उंच लावली आहे. दुसरी बाजू अशी की पाणी दिवसेंदिवस नुसतं कोमट ठेवणंही बरं नाही, कोमट साठ्यात काही घातक जंतू वाढतात. रोज चांगलं तापू द्यावं आणि रोज वापरावं.

पहिल्यांदा पेटवताना

आधी सगळं पाणी भरा. हवेच्या पाइपाच्या तोंडाशी कान लावा, भरताना हवा बाहेर येते ती ऐकू येते. न्हाणीची तोटी उघडून पाण्याची धार अखंड येते ना पाहा. फसफसत येत असेल तर हवा अजून आत आहे. मग दोन-चार तुराट्यांचा बारीक जाळ करा. एक हात वरच्या पाइपावर, एक खालच्या. थोड्या वेळात वरचा पाइप चुलीकडून टाकीकडे गरम होत जातो आणि खालचा गारच राहतो. हे झालं की पाणी फिरायला लागलं. वरचा फक्त चुलीजवळ तापला आणि पुढे गार राहिला, तर जाळ बाहेर ओढा आणि अडलेली हवा शोधा. दोन्ही पाइप सारखेच कडक झाले तर समजा सगळी टाकी तापून गेली, आता गरम पाणी काढायला हवं किंवा जाळ कमी करायला हवा.

आठवड्यातून एकदा निवलेल्या चुलीत हात घालून कॉईलवरची काजळी नारळाच्या शेंडीनं पुसायची. आई हे चूल सारवायच्या दिवशी करते.

राहिला उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गरम पाणी कोणाला हवं? पण स्वयंपाकाची चूल चालूच असते, आणि कॉईल चुलीत असेल तर ती भरलेलीच ठेवावी लागते, म्हणजे टाकी रोज उकळणार. रिकामी करून ठेवता येत नाही, कारण कोरडी कॉईल आणि पेटती चूल एकत्र चालत नाहीत. म्हणून आम्ही भिंतीपलीकडे दोन्ही पाइपांवर युनियन, म्हणजे पान्यानं उघडता येणारे जोड, बसवले आहेत. होळी झाली की चूल पूर्ण निववून, टाकी उपसून, पाना लावून कॉईल काढतो. वैलाच्या भिंतीतली दोन भोकं आई चिकणमातीनं लिंपते, वरून शेण-मातीचा हात फिरवते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काही होतं असं दिसतही नाही. कॉईल लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं धुऊन गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली असते. दसऱ्याच्या आधल्या दिवशी मी ती उतरवतो, एका तोंडातून फुंकर मारून पाहतो, दुसऱ्या तोंडातून वारा आला की पुन्हा वैलात बसवतो.